डाव्या पायाने दिलेले उत्तर

1932 सालचा ऑक्टोबर. आयर्लंडची राजधानी डब्लिनमध्ये ब्रिजेट ब्राऊन ही गवंडीकाम करणाऱ्याची बायको आपल्या चार महिन्यांच्या बाळाला दूध पाजत होती. बाळंतपणे तिला नवी नव्हती. या मुलाच्या आधी नऊ झाली होती आणि पुढे आणखी बारा व्हायची होती. त्या बावीस जणांपैकी तेरा वाचली. इतकी मुले हाताखालून गेल्यावर बाईला वेगळ्या तक्त्याची गरज उरत नाही. या बाळाला मांडीवर घेतले की त्याची मान मागे लटकते, हे तिच्या लक्षात आले. मानेखाली हात घातला की मान सरळ, हात काढला की पुन्हा मागे. मग दिसले की मुठी जवळजवळ सारा वेळ आवळलेल्या असतात. जबडा कधी इतका घट्ट मिटतो की बाटलीचे बूच तोंडात जात नाही, तर कधी अगदी सैल पडून तोंड एका बाजूला ओढले जाते. सहा महिन्यांचा झाला तरी भोवती उशा लावल्याशिवाय तो बसत नव्हता. वर्षाचा झाला तरी तेच.

हे बाळ म्हणजे ख्रिस्टी ब्राऊन. पुढे 'माय लेफ्ट फूट' हे आत्मचरित्र लिहिणारा आणि डाव्या पायाच्या बोटांत ब्रश धरून चित्रे काढणारा आयरिश लेखक. 1989 साली त्याच्यावर आलेल्या चित्रपटाने डॅनिअल डे-लुईस या अभिनेत्याला आणि आईची भूमिका करणाऱ्या ब्रेंडा फ्रिकरला ऑस्कर मिळवून दिले, त्यामुळे आपल्याकडेही अनेकांना त्याचे नाव ठाऊक आहे. त्याची कहाणी बहुधा जिद्दीची कहाणी म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण मुलांच्या मेंदूच्या आजारांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्यांना त्याच्या आयुष्याची पहिली पाच वर्षे पुढच्या चव्वेचाळीस वर्षांपेक्षा जास्त शिकवून जातात. त्या पाच वर्षांत एका मुलाच्या बुद्धीबद्दल दोन निदाने झाली. एक डॉक्टरांचे, एक आईचे. डॉक्टरांचे चुकले.

ख्रिस्टीचा जन्म 5 जून 1932 रोजी डब्लिनच्या रोटुंडा रुग्णालयातला. 1745 पासून बाळंतपणे करणारे हे जुने, नावाजलेले रुग्णालय. प्रसूती अवघड झाली, आई आणि मूल दोघेही जाता जाता वाचले. अशा प्रसूतीत बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला तर काही भाग कायमचा दुखावतो. गर्भात असताना, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकर झालेल्या अशा इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडतो, त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही. मूल मात्र वाढत असते, त्यामुळे तिचे परिणाम दर वर्षी वेगळे दिसतात.

या आजाराचे प्रकार आहेत. सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात स्नायू ताठ होतात, पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. ख्रिस्टीला झाला तो दुसरा, अथेटॉइड प्रकार. यात मेंदूच्या खोलवर असलेल्या, हालचालींचे नियमन करणाऱ्या केंद्रांना इजा झालेली असते. हात एका दिशेला न्यायचा म्हटले की तो पिळवटत भलतीकडेच जातो, चेहरा वेडावाकडा होतो, लाळ गळते, शब्दांऐवजी घशातून आवाज निघतात. विचार करण्याचे काम मेंदूच्या वरच्या थरावर अवलंबून असते आणि या प्रकारात तो थर पुष्कळदा बराचसा शाबूत राहिलेला असतो. म्हणजे बाहेरून सर्वांत वाईट दिसणाऱ्या मुलांपैकी काहींच्या डोक्यात सगळे लख्ख चाललेले असते. पण समोरच्या माणसाने लाळ पाहिली, चेहरा पाहिला की त्याच्या मनात निकाल लागून गेलेला असतो. यात डॉक्टरही आले.

वर्षाच्या ख्रिस्टीला घेऊन आईवडील दवाखान्यांमागून दवाखाने फिरले. बहुतेक डॉक्टरांना ही केस वैद्यकीयदृष्ट्या रंजक वाटली आणि उपचारांच्या दृष्टीने निरुपयोगी. काहींनी आईला हळुवारपणे समजावले की मूल मतिमंद आहे आणि तसेच राहणार. या मुलाचे सगळे करावे, त्याला प्रेमाने वागवावे, पण इतर मुलांसारखे वाढवण्याचा अट्टहास धरू नये, असा सल्ला त्यांनी आणि नातेवाइकांनीही दिला. गरिबाच्या घरात इतकी पोरे असताना हा सल्ला दुष्टपणाचा नव्हता. तो पुराव्याशिवाय दिलेला होता, इतकेच.

त्या डॉक्टरांची बाजूही पाहायला हवी. बुद्धी मोजण्याची साधने तेव्हा नव्हती असे नाही. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी 1905 सालीच मुलांसाठी बुद्धिमापन चाचणी तयार केली होती आणि ती जगभर पसरली होती. आपल्याकडे धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी 1930च्या दशकात तिच्यावरून कन्नड आणि मराठी मुलांसाठी चाचणी बसवली. बिने-कामत हे नाव आजही सरकारी रुग्णालयांच्या मानसशास्त्र विभागात रोज कानावर पडते. पण या चाचण्यांची रचना पाहिली की ख्रिस्टीची अडचण कळते. वस्तूचे नाव सांग, आकडे म्हणून दाखव, चित्रातल्या गोष्टीवर बोट ठेव, ठोकळ्यांचा मनोरा कर, मणी ओव. प्रत्येक प्रश्न बुद्धीला विचारलेला, पण उत्तर मात्र जिभेने किंवा हाताने द्यायचे. ज्याची जीभ आणि हात दोन्ही ताब्यात नाहीत त्याला शून्य मिळणार. मग ते शून्य बुद्धीच्या खात्यावर मांडले जाणार. बाळांच्या विकासाच्या तक्त्यांचेही तसेच. नववा महिना, चिमटीत मनुका पकडतो का? वर्ष, दोन शब्द बोलतो का? सेरेब्रल पाल्सीच्या मुलाकडे हे तक्ते धरले तर ते त्याच्या स्नायूंचीच परीक्षा दोनदा घेतात.

ब्रिजेटकडे चाचणी नव्हती. तिच्याकडे वेळही नव्हता. दिवसभर रांधायचे, धुवायचे, पोरे सांभाळायची. तरी तिने जे केले त्याला आजच्या भाषेत बोधात्मक विकासाचे निरीक्षण म्हणावे लागेल. डॉक्टरांनी मुलाला एकदा, फार तर चारदा पाहिले. ती रोज पाहत होती. खोलीत कोणी आले की याचे डोळे कुठे वळतात, कशाला हसतो, कशाने चिडतो, कालची गोष्ट आज ओळखतो का. मोकळा वेळ मिळाला की ती त्याच्या बिछान्याजवळ बसून चित्रांचे पुस्तक उघडायची. प्राण्यांची, फुलांची नावे सांगायची, त्याने ती म्हणावीत म्हणून प्रयत्न करायची. कळले असेल तर मान हलव, असे विनवायची. तेही त्याला जमायचे नाही. एकदा असेच तासभर बसून काहीच खूण मिळाली नाही. त्याचा वाकडा हात कसाबसा तिच्या केसांपर्यंत पोचला आणि त्यात अडकला. ती उठली आणि दाराबाहेर जाऊन रडली. त्याला हे सगळे कळत होते, हे पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवले.

तिची खात्री म्हणजे आईची वेडी माया होती का? त्या वेळी अनेकांना तसेच वाटले आणि त्यांचे म्हणणे अगदीच बाष्कळ नव्हते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रत्येक मुलाच्या आत एक लेखक दडलेला असतो, असे कोणी सांगू लागले तर ते खोटे ठरेल. या मुलांपैकी साधारण निम्म्यांना बौद्धिक अक्षमता असते, चारांत एकाला बोलता येत नाही, चारांत एकाला फिट्स येतात. याचा दुसरा अर्थ असा की उरलेल्या निम्म्यांना बौद्धिक अक्षमता नसते, आणि कोण कोणत्या निम्म्यात आहे हे नुसते बघून ठरत नाही. ब्रिजेटचे म्हणणे बरोबर निघाले, पण ते चूकही निघू शकले असते. तिला हवे होते ते दिलासा देणारे कोणी नव्हे. नीट तपासून सांगणारे कोणी. तसे कोणी तिला पाच वर्षे भेटले नाही.

मग ती दुपार आली. डिसेंबर महिना, बाहेर बर्फ, घर क्रमलिन या कामगार वस्तीतले. स्वयंपाकघरात शेगडीजवळ सगळे गोळा झालेले. बहीण मोना आणि भाऊ पॅडी जमिनीवर बसून पाटीवर बेरजा करत होते. पाच वर्षांचा ख्रिस्टी भिंतीला टेकवून ठेवलेला. मोनाच्या हातात पिवळ्या खडूचा तुकडा होता. तो पाटीवर कसा ठळक उमटतो ते ख्रिस्टी पाहत होता, आणि एकाएकी त्याचा डावा पाय पुढे झाला. बोटांनी तिच्या हातातून खडू काढून घेतला आणि पाटीवर वेड्यावाकड्या रेघा ओढल्या. खोलीतला आवाज थांबला. आई हातातले काम टाकून आली, त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. तिने फरशीवर खडूने इंग्रजी ए हे अक्षर काढले आणि त्याला तसेच काढायला सांगितले. पहिला प्रयत्न फसला. दुसरा फसला. अंग घामाने भिजले, खडू मोडला. तिसऱ्या वेळी अक्षर उमटले. वाकडे होते, एक बाजू लांब, एक आखूड; पण ते ए होते.

हा प्रसंग चित्रपटात टाळ्या घेतो. मुलांची तपासणी करणाऱ्याने मात्र तो सावकाश वाचावा असा आहे. भावंडे ज्या रेघा ओढतात त्यांना काही अर्थ आहे, हे मुलाला आधीच कळलेले होते. दुसऱ्याची कृती लक्षात ठेवून स्वतःच्या वेगळ्या अवयवाने ती करायची, ही योजना त्याने स्वतः आखली. तोंडी सूचना समजली. नमुना आणि आपली रेघ यातला फरक दिसला, म्हणून त्याने चूक सुधारली. दोनदा हरल्यावरही लक्ष विचलित झाले नाही. भाषेचे आकलन, अनुकरण, स्मृती, दृष्टीची जाण, एकाग्रता: मानसशास्त्रज्ञ जे पाच-सहा कप्प्यांत तपासतात ते सगळे त्या फरशीवर दहा मिनिटांत तपासून झाले. आईने अजाणता अचूक गोष्ट केली होती. तिने प्रश्न सोपा केला नाही, उत्तर द्यायची वाट बदलली.

पण यात नशिबाचा भाग किती होता! अथेटॉइड प्रकारात बहुधा चारही अवयव कमीअधिक वेडेवाकडे हलतात. ख्रिस्टीचा डावा पाय त्यातल्या त्यात आज्ञेत राहिला. तोही नसता तर? बुद्धी तीच असती आणि शेरा मतिमंद असाच राहिला असता. असा शेरा घेऊन संस्थांमध्ये आयुष्य काढलेली मुले जगभर होती, आणि त्यांची आत्मचरित्रे नाहीत.

पाय नसेल तर डोळे असतात. आज अशा मुलाची तपासणी तिथून सुरू होते. आधी ऐकू येते का आणि दिसते का, याची खात्री. या मुलांमध्ये दहांत एकाची नजर फार अधू असते आणि काहींना ऐकूही येत नाही. बहिऱ्या मुलाला सूचना देऊन त्याची बुद्धी ठरवणे हा प्रकार अजून संपलेला नाही. मग बसण्याची सोय. डोके आणि पाठ नीट आधारावर असली तर मुलाची सारी ताकद तोल सांभाळण्यात जात नाही. मग हो आणि नाही यांच्यासाठी एक पक्की खूण शोधायची: वर पाहणे, डोळे मिटणे, जीभ बाहेर काढणे, काहीही चालेल, पण दर वेळी तीच. दोन वस्तू थोड्या लांब धरून वाटी कुठे आहे म्हणून विचारले आणि नजर वाटीवर गेली की उत्तर मिळाले. आणि थांबायचे. या मुलांना उत्तर द्यायला कधी अर्धा मिनिट लागतो. गर्दीच्या ओपीडीत तीस सेकंद गप्प बसणे सोपे नाही, पण तेवढ्यातच निदान बिघडते. झोपेची वेळ, नुकतीच येऊन गेलेली फिट किंवा फिट्सच्या औषधाची गुंगी असेल तर त्या दिवशीचा निकाल धरायचाच नाही.

चाचण्याही बदलल्या. कोलंबिया मेंटल मॅच्युरिटी स्केल ही चाचणी मुळात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीच तयार झाली. मोठ्या कार्डावर काही चित्रे, त्यातले न जुळणारे कोणते ते दाखवायचे. बोटाने, मुठीने, नजरेने, कसेही. ती प्रसिद्ध झाली 1954 साली. ख्रिस्टीचे आत्मचरित्रही त्याच वर्षीचे. रेव्हन यांच्या रंगीत आकृत्यांच्या चाचणीतही बोलावे लागत नाही. नेदरलँड्समधील संशोधकांनी संगणकावरची सी-बिल्ट ही चाचणी केली, तिच्यात मूल पडद्यावरच्या दोन चित्रांपैकी एकाकडे नुसते पाहून आपल्याला वाक्य समजले की नाही हे सांगू शकते. अथेटॉइड प्रकारातल्या, एक शब्दही न बोलणाऱ्या अनेक मुलांचे भाषेचे आकलन त्यांच्या डॉक्टरांनी गृहीत धरले त्यापेक्षा पुष्कळ चांगले आहे, हे अशा चाचण्यांनी दिसून आले.

चूक उलट्या बाजूनेही होते, आणि तिची चर्चा कमी होते. वेळेआधी जन्मलेले, पाय ताठ झालेले पण चुरूचुरू बोलणारे मूल असते. गोष्टी सांगते, पाहुण्यांना नावाने ओळखते, सगळे त्याला हुशार म्हणतात. चौथीत गेल्यावर मात्र गणिताचे आकडे रकान्यात मांडता येत नाहीत, फळ्यावरचे उतरवता येत नाही, नकाशा कळत नाही. मेंदूच्या ज्या भागातून दृष्टीची माहिती वाहते तिथे इजा असते आणि ती बोलण्यात दिसत नाही. घरचे आणि शाळेचे म्हणतात, आळशी झाला. म्हणून एकदा मोजून फाइल बंद करणे दोन्ही प्रकारच्या मुलांसाठी धोक्याचे. स्वीडनमध्ये 1994 पासून या मुलांच्या सांध्यांची, कंबरेची ठरावीक काळाने तपासणी करणारा कार्यक्रम चालतो. त्याच्याच जोडीला आता बुद्धी, लक्ष आणि नियोजनशक्तीची तपासणी पाच-सहाव्या वर्षी, म्हणजे शाळेत जाताना, आणि पुन्हा बारा-तेराव्या वर्षी करण्याची शिफारस तिकडे आहे. कंबरेचा एक्स-रे दर वर्षी काढायचा आणि डोक्यात काय चालले आहे ते मात्र गृहीत धरायचे, हे गणित पटण्यासारखे नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली पालघरमधून सुरू झाला आणि त्याखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभी राहिली. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, वाचा आणि श्रवणतज्ज्ञ एका छताखाली असावेत, ही त्यामागची कल्पना; अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ती खुली आहेत. ब्रिजेटने चौथ्या महिन्यात जे पाहिले, म्हणजे लटकणारी मान, आवळलेल्या मुठी, दूध ओढताना होणारी अडचण, ते दिसले तर तिथे लगेच जावे. प्रशिक्षित डोळ्यांना सेरेब्रल पाल्सीचा अंदाज आता सहा महिन्यांच्या आतही बांधता येतो. थोडे थांबा, काही मुले उशिराच बसतात, हा सल्ला चार जणांनी दिला तरी. आणि जाताना मुलाच्या हो-नाहीच्या खुणा कागदावर लिहून न्याव्यात, मोबाइलवर व्हिडिओ काढून न्यावेत. घरी तीन वर्षांत जमलेली माहिती ओपीडीच्या दहा मिनिटांत मूल दाखवत नाही.

ख्रिस्टीचे पुढे काय झाले? अक्षर आले, पण शाळा आली नाही. आईने पिठाचे हात पुसत पुसत मुळाक्षरे शिकवली. नाव लिहिता आले, मग आई हा शब्द. बाकीचे शिक्षण भावांनी केले. जुन्या खोक्याच्या गाडीत त्याला घालून ते डब्लिनच्या गल्ल्यांमधून ओढत न्यायचे. त्या गाडीचे नाव हेन्री. खेळात, मारामाऱ्यांत, सफरचंदे चोरायला तो त्यांच्याबरोबर असे. आपण वेगळे आहोत हे त्याला साधारण दहाव्या वर्षी, गाडी मोडली तेव्हा कळले. भाऊ निघून गेले आणि तो दारात उरला. मुलाचे भावविश्व त्या वर्षी कोसळले. बुद्धी चांगली असलेल्या अपंग मुलांत हे वय नाजूक असते, कारण तुलना करण्याइतकी समज आलेली असते. त्याच सुमारास भावाच्या नाताळच्या भेटीतली रंगपेटी त्याच्याकडे आली. बाराव्या वर्षी 'संडे इंडिपेंडंट' या वृत्तपत्राच्या बालचित्रस्पर्धेत तो पहिला आला.

वयात येताना पुन्हा अंधार. घरातले भाऊ कामाला लागले, लग्ने करू लागले. ख्रिस्टी एकटा पायाने लिहीत, वाचत बसे. त्याला फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थस्थानी नेण्यात आले. चमत्कार झाला नाही, पण आपल्यासारखी माणसे जगात खूप आहेत हे त्याने प्रथम पाहिले.

त्यानंतर दारात आले डॉ. रॉबर्ट कॉलिस. डब्लिनचे बालरोगतज्ज्ञ आणि नाटककार. शहरातल्या झोपडपट्ट्यांवर त्यांनी नाटक लिहिले होते, युद्धानंतर बेर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीतल्या मुलांवर उपचार केले होते. 1948 साली त्यांनी आयर्लंडमध्ये सेरेब्रल पाल्सीसाठी संस्था काढली. त्यांच्या वहिनी आयरीन कॉलिस या विषयातल्या तज्ज्ञ, त्यांनी ख्रिस्टीला लंडनमध्ये तपासले. त्या म्हणाल्या की सुधारणा होऊ शकते, मात्र एक अट आहे: डाव्या पायाचा वापर बंद. सगळा भार एका पायावर पडल्याने बाकीचे शरीर आखडत चालले होते. वैद्यकीयदृष्ट्या हा सल्ला त्या काळाला धरून होता. पण ज्याला बोलता येत नाही त्याला लिहिणे बंद कर म्हणणे म्हणजे काय, याचा हिशेब त्यात नव्हता. आजचा उपचारक आधी संवादाचे दुसरे साधन हातात देईल आणि मगच पहिले काढून घेईल. ख्रिस्टीने मात्र अट मान्य केली. नव्या दवाखान्यात व्यायाम सुरू झाले, बोलणे थोडे सुधारले.

आत्मचरित्र त्याने भावांना सांगून लिहून घ्यायला सुरुवात केली. पहिला मसुदा अगडबंब, पल्लेदार शब्दांनी भरलेला, कारण त्याने जुनी इंग्रजी कादंबरी सोडून काही वाचलेलेच नव्हते. कॉलिसनी तो वाचून स्पष्ट सांगितले की हे चालणार नाही. मग त्यांनी पुस्तके आणून दिली, शिकवणीसाठी शिक्षक लावला. हुशार मुलाला शाळेबाहेर ठेवल्याने काय हरवते, ते विशीतल्या ख्रिस्टीच्या त्या मसुद्यात दिसत होते. तिसऱ्या खेपेला पुस्तक जमले. मधे एक दिवस भावाला सांगून सांगून वैतागलेल्या ख्रिस्टीने मोजा काढून फेकला, पायात पेन्सिल धरली आणि अट मोडली.

पुढे 1970 साली आलेली 'डाउन ऑल द डेज' ही कादंबरी त्याने विजेच्या टाइपरायटरवर पायाच्या बोटाने लिहिली. ती अनेक भाषांत गेली. 1972 साली मेरी कार हिच्याशी लग्न झाले. कविता आल्या, आणखी कादंबऱ्या आल्या, दारूही बरीच होती. 7 सप्टेंबर 1981 रोजी इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात जेवताना घशात घास अडकून तो गेला. वय 49. गिळण्याच्या स्नायूंवर ताबा नसणे हा या आजाराचा भाग आहे आणि मोठ्या वयातही तो जिवावर बेततो. चौथ्या महिन्यात बाटली तोंडात घेता न येणे आणि हा मृत्यू, दोन्हींचे मूळ एकच होते.

पुस्तक तयार होत असतानाची एक संध्याकाळ मात्र सांगायची राहिली. डब्लिनच्या एका मोठ्या हॉटेलात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी निधी जमवायला अमेरिकन गायक बर्ल आइव्ह्ज यांची मैफल होती. सभागृह भरलेले, ब्राऊन कुटुंब ठेवणीतले कपडे घालून आलेले. गाण्यांच्या मधल्या वेळेत डॉ. कॉलिस व्यासपीठावर उभे राहिले आणि ख्रिस्टीच्या हस्तलिखिताचे पहिले प्रकरण त्यांनी वाचून दाखवले. लटकणारी मान, डॉक्टरांचे निदान, चित्रांचे पुस्तक, पिवळा खडू. वाचन संपले तेव्हा त्यांच्या हातात लाल गुलाबांचा गुच्छ होता. तो त्यांनी ब्रिजेट ब्राऊनला दिला.